कोकणातल्या बंद घराची राखण : कॅमेरे, सेन्सर, जाणारी वीज आणि पडणारी वीज

ओटीवरून | सोमवार, रात्री ८.४०

जाणकारांचा सल्ला हवा आहे. घर कुडाळ तालुक्यात, वाडीच्या टोकाला. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग पडवी-ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मागीलदार. मांगर (बागेतलं कोठाराचं खोपट) घरापासून साधारण साठ मीटरवर. गणपती आणि मे महिन्याचे तीन आठवडे सोडले तर घर बंद.

पावसाळ्यात वीज कधी कधी दिवसभर नसते. इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. फायबर वाडीपर्यंत आलेलं नाही. ४जीची रेंज ओटीवर दोन काड्या, माजघरात शून्य.

डोक्यात असलेला बेत : चार वायफाय कॅमेरे, पुढच्या दाराला स्मार्ट लॉक, दोन्ही दारांना सेन्सर, मांगरावर एक कॅमेरा. बजेट चाळीस हजार. काय चुकतंय?

तारजोडणी | सोमवार, रात्री ९.१२

चुकतंय ते हे, की बेत फ्लॅटचा आहे आणि घर कौलारू. फ्लॅटला आत यायची वाट एकच, दार. कौलारू घराला अख्खं छप्पर ही वाट आहे. मागच्या पागोळीकडची कौलं सरकली की दोन्ही दारांचे सेन्सर 'सगळं बंद आहे' असंच सांगत राहतील, आणि ते खोटंही नसेल.

म्हणून पहिला खर्च माजघरातल्या हालचालीच्या सेन्सरवर, म्हणजे पीआयआरवर. कुठूनही उतरला तरी माणूस माजघर ओलांडतोच. बसवताना :

- उंची २.१ ते २.४ मीटर, कोपऱ्यात. माणूस सेन्सरसमोरून आडवा जाईल असा. सरळ सेन्सरकडे चालत येणारा माणूस पीआयआरला उशिरा कळतो.
- समोर काचेचं कौल नको. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकतो आणि तापलेली फरशी सेन्सरला हललेली वाटते.
- 'पाळीव प्राण्यांना ओळखतो' यावर जाऊ नका. ते गणित प्राणी जमिनीवर आहे असं धरून केलेलं असतं. वाशावरून चालणारं मांजर सेन्सरच्या अगदी समोर येतं आणि माणसाएवढं मोजलं जातं.
- पीआयआर आसपासच्या तापमानातला फरक पाहतो. मे महिन्यात दुपारी माजघर ३५-३६ अंशांवर गेलं की अंगाची ऊब आणि भिंतीची ऊब यांत फारसं अंतर राहत नाही, पल्ला घटतो. त्यामुळे मोठ्या माजघराला एक पुरत नाही, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन लावा.

पैसे असतील तर पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र असलेला दुहेरी सेन्सर घ्या. दोघांनाही पटलं तरच तो बोंब मारतो. उंदीर, वटवाघळं, भिंगावरून जाणारी पाल, यातलं बरंचसं गळून जातं.

गडगा | सोमवार, रात्री ९.५५

स्मार्ट लॉक विसरा. तुमचं दार बहुधा दोन फळ्यांचं, वर कडी-कोयंडा. ही कुलपं एका फळीच्या, साधारण ३५ मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या दारासाठी असतात. शिवाय फणसाचं लाकूड पावसात फुगतं. जूनमध्ये बोल्ट खाचेत बसणार नाही, मोटर रेटत राहील आणि सेल संपवेल. अल्कलाइन सेल दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिले की झिरपतात, सर्किट खातात. आणि बंद घराला दूरवरून कुलूप उघडायची गरज पडतेच कोणाला? किल्ली शेजारी ठेवा. कोयंडा चौकटीला स्क्रूने नको, आरपार बोल्टने, आतून वॉशर आणि नट. मागीलदाराला आतून अडसर.

दाराचा सेन्सर मात्र लावा, स्वस्त आहे. आत रीड स्विच, समोर चुंबक. दोघांत अंतर १० मिलिमीटरच्या आत ठेवा, कारण पावसात फळी फुगून एकदोन मिलिमीटर सरकते आणि काठावर बसवलेला सेन्सर रात्री दोनला 'दार उघडलं' म्हणून कळवतो. दोन फळ्या असतील तर दोन्हींना वेगवेगळा. दुहेरी चिकटपट्टी तेलपाणी केलेल्या लाकडावर टिकत नाही, छोटे स्क्रू मारा.

सिग्नलगुल | सोमवार, रात्री १०.३०

कॅमेऱ्यांबद्दल. चार नकोत, तीन नीट लावा, आणि वायफाय नको. जांभ्याची एक भिंत मधे आली तरी वायफाय निम्मं होतं, दुसरी आली की संपलंच. तार टाका : पीओई कॅमेरे, एकाच कॅट-६ तारेतून वीज आणि चित्र दोन्ही. तार शंभर टक्के तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार त्याच नावाने विकतात. ओळखायची तर टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरं निघालं तर परत करा. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर व्होल्टेज पडतं. दिवसा कॅमेरा चालतो, रात्री आयआर (अवरक्त) दिवे लागून ओढ वाढली की बंद पडून पुन्हा सुरू होत बसतो.

भिंग निवडताना हे गणित करा. चेहरा ओळखू यायला एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे जास्तीत जास्त दहा मीटर रुंदीचं दृश्य. २.८ मिलिमीटरचं भिंग जवळजवळ १०० अंश बघतं, ही दहा मीटर रुंदी त्याला चार मीटरवरच मिळते. पुढे माणूस दिसेल, कोण ते नाही. ६ मिलिमीटरचं भिंग सुमारे ५० अंश बघतं, त्याला तीच रुंदी दहा मीटरवर. तेव्हा पडवीत २.८, खळ्याच्या बेड्याकडे (फाटकाकडे) रोखलेला ६, मागीलदारी २.८. उंची अडीच मीटर. चार मीटरवर टांगलात तर टोप्या छान दिसतील.

साठवण : सेकंदाला १५ फ्रेम, एच.२६५ (चित्र दाबायची पद्धत), सेकंदाला २ मेगाबिट धरला तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. तिघांचे ६५. एक टीबीत पंधरा दिवस. एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं खोकं, माळ्यावर ठेवू नका. कौलाखाली मे महिन्यात हार्ड डिस्क भाजून निघते. भिंतीतल्या कपाटात, दाराला भोकं पाडून. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात १२८ जीबीचं जास्त टिकाऊ प्रतीचं कार्ड घाला. एनव्हीआर उचलून नेला तरी साडेपाच दिवसांचं चित्र कॅमेऱ्यात राहतं.

अर्धा_अँपिअर | मंगळवार, सकाळी ७.२०

आता विजेचं बघू. रात्रीचा भार : तीन कॅमेरे १८ वॅट, एनव्हीआर आणि पीओई स्विच १५, राऊटर ८, सेन्सरांचा हब आणि किरकोळ ३. एकूण ४४ वॅट. बॅटरी १५० × १२ = १८०० वॅट-तास. म्हणजे चाळीस तास सहज.

गडगा | मंगळवार, सकाळी ७.४८

सहज नाही. दोन गोष्टी राहिल्या. ट्यूब्युलर बॅटरी ८० टक्क्यांपलीकडे उतरवायची नसते, राहिले १४४०. आणि घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच १५-२० वॅट खातो. ४४ चे ६० झाले. १४४० भागिले ६० म्हणजे २४ तास, तेही बॅटरी नवी असताना.

त्याहून मोठं दुखणं पाण्याचं. दहा महिने बंद घरात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? प्लेटा उघड्या पडल्या की ती बॅटरी नावालाच.

अर्धा_अँपिअर | मंगळवार, सकाळी ८.३१

इन्व्हर्टरचा स्वतःचा खप धरला नव्हता, मान्य.

मग इन्व्हर्टरच वगळा. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सोबत तिचाच चार्जर, आणि सगळं थेट डीसीवर. १२८० वॅट-तास. डिस्कऐवजी नुसत्या कार्डांवर भागवलं तर भार ३५ वॅटवर येतो, वाटेतलं नुकसान वजा जाता तेहतीस तास मिळतात, पाणी घालणं नाही. बजेटमधला मोठा घास हाच, पण इथेच घालवा.

एक खाच आहे. चार्ज होताना ही बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. १२ व्होल्टची उपकरणं साधारण १०.८ ते १३.२ एवढंच सोसतात. त्यामुळे मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट (व्होल्टेज कमीही करणारा, वाढवणाराही) कन्व्हर्टर हवाच, ५ अँपिअरचा. नुसता बक चालत नाही, बॅटरी उतरली की तो १२ देऊ शकत नाही. पीओई स्विच १२ व्होल्टवर चालून आत ४८ करणारा मिळतो, तो घ्या. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज.

काजूबी | मंगळवार, सकाळी ९.०५

ह्या सगळा बरा, पण पडणाऱ्या विजेचा काय? मे महिन्याचा शेवट आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा कोकणात निम्मी उपकरणं जातात.

तारजोडणी | मंगळवार, सकाळी ११.१५

@काजूबी, मुद्द्याचं बोललात.

मांगराकडे तांब्याची तार नेऊ नका. साठ मीटर तार म्हणजे साठ मीटरचा अँटेना. वीज शेजारच्या माडावर पडली तरी तारेत दाब उठतो आणि स्विचसकट एनव्हीआर जातो. न्यायचीच तर ऑप्टिकल फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काच वीज वाहत नाही. फक्त आत स्टीलची तार नसलेली केबल मागा, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्याहून सोपं म्हणजे मांगरावर सोलर पट्टीचा, स्वतंत्र ४जी सिमचा कॅमेरा. जोडणीच नाही.

मुख्य पाटीवर टाइप-२चा सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) लावा, फेज आणि न्यूट्रल दोन्हीला. गावाकडे रात्री व्होल्टेज २६० ला जातं, तेव्हा २७५ व्होल्टचा न घेता ३२० चा घ्या. अरेस्टरपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, वेटोळं न करता. लांब तारेत विजेचा झटका अडतो आणि उपकरणाची वाट धरतो.

आणि अर्थिंग. ते नसेल तर अरेस्टर ही शोभेची वस्तू. जांभा कोरडा पडला की त्याचा रोध प्रचंड. नुसती सळई ठोकून भागत नाही. तीन मीटर खोल भोक, तांब्याचा मुलामा असलेली सळई, भोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती. न्हाणीघराचं पाणी जातं त्या बाजूला खणा, ओल राहते. मोजणी मे महिन्यात करा, ५ ओहमच्या आत आली पाहिजे. जुलैत मोजलेला आकडा प्रत्येकाचाच चांगला येतो!

अर्धा_अँपिअर | मंगळवार, दुपारी १.४०

यात भर. मुख्य पाटीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर गडगडाटात तो उगाच पडतो. घरात माणूस असला की दांडी वर करतो आणि विसरतो. बंद घरात मात्र त्या क्षणापासून बॅटरी उतरू लागते आणि दीड दिवसाने घर आंधळं. म्हणून राखणीच्या यंत्रणेला मुख्य पाटीवर त्या आरसीसीबीच्या आधीच वेगळा फाटा आणि त्याला स्वतःचा आरसीबीओ (गळती आणि जादा भार दोन्हींवर तोडणारा). पंप, फ्रिज, गिझर यांची गळती मग तिच्यापर्यंत येत नाही. घर सोडताना बाकीचे सगळे एमसीबी खाली.

खांबावर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेज घरात चारशे व्होल्टपर्यंत शिरतात. सर्ज अरेस्टर तिथे उपयोगाचा नाही, उलट जळतो. २७० च्या वर तोडणारा आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर त्याच्या आधी बसवा. 'आपोआप' हा शब्द बघून घ्या, हाताने रिसेट करायचा आणलात तर पुन्हा तेच.

ओटीवरून | मंगळवार, रात्री ८.२५

वहीत उतरवून घेतोय. मांगराचा कॅमेरा आणि स्मार्ट लॉक बाद. नेटचं काय करावं? आणि दुकानदार २जी सिमवर चालणारं अलार्म पॅनेल सुचवतोय.

सिग्नलगुल | मंगळवार, रात्री ९.१०

२जी पॅनेलमध्ये जिओचं सिम चालणार नाही, त्यांचं २जी जाळंच नाही. दुसरं सिम लागेल, आणि ज्याची रेंज तुमच्या ओटीवर येते ते. शक्य असेल तर ४जी पॅनेलच घ्या. पॅनेल नेटशिवाय थेट फोन लावतं, हा त्याचा मोठा गुण. राऊटर अडकला तरी ते अडकत नाही. पीआयआर आणि दारांचे सेन्सर याच पॅनेलला जोडा, वेगळा हब नको.

राऊटर बाहेरचा अँटेना जोडता येईल असा घ्या, दोन सॉकेटचा. अँटेना पडवीच्या वाशाखाली, छपराच्या वर नको. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको, जे कमावलं ते तारेतच जातं. काड्या बघू नका, राऊटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) बघा. उणे ९५ च्या आत असेल तर निवांत, उणे ११० म्हणजे पावसात गेलाच.

डेटा : चोवीस तास चित्र वर पाठवायचं म्हटलं तर एका कॅमेऱ्याचेच रोज २१.६ जीबी. नको. फक्त घटना पाठवा. वीस सेकंदांची फीत ५ एमबी, दिवसाला तीस धरल्या तर १५० एमबी.

मोबाइल नेटवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहक एका पत्त्यामागे असतात. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणं) होत नाही आणि ते बरंच आहे. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे-डीव्हीआर असेच उघड्या पोर्टांवरून धरले. कंपनीच्या ॲपमधून बघा, नाहीतर टेलस्केलसारखी खासगी वाट करा. पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, यूपीएनपी (राऊटरने आपोआप पोर्ट उघडणं) बंद करा. एप्रिल २०२५ पासून नेटवर चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी बंधनकारक आहे. खोक्यावर नुसती बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी-खूण बघून न थांबता तेही विचारा.

गडगा | मंगळवार, रात्री ९.४२

आणि सगळ्यात विसरलं जाणारं : घर गप्प झालं तर कळणार कसं? चोरी झाली तर निरोप येतो. राऊटर लटकला, सिमचं रिचार्ज संपलं, बॅटरी उतरली, तर काहीच येत नाही आणि 'काही नाही' हे 'सगळं ठीक' सारखंच दिसतं. पडवीच्या कॅमेऱ्याला रोज सकाळी आठला एक फोटो पाठवायला लावा. फोटो आला नाही तर त्या दिवशी चौकशी. राऊटरच्या तारेत चोवीस तासांचा टायमर घाला, पहाटे चारला पंधरा मिनिटं बंद करून चालू करणारा. निम्मे लटकणे त्यानेच सुटतात. रिचार्ज ८४ दिवसांचं केलंत तर ८० व्या दिवसाची आठवण फोनमध्ये आत्ताच लावा. नाहीतर यंत्रणा धडधाकट आणि सिम मेलेलं.

काजूबी | बुधवार, सकाळी ६.५०

किनाऱ्यापासून जवळ असाल तर लोखंडी ब्रॅकेट दोन पावसाळ्यांत भुगा. स्क्रू एसएस ३१६ (न गंजणाऱ्या स्टील) चे. जांभ्यात साधा प्लास्टिक गुल्ला धरत नाही, दगड सच्छिद्र. ७५ मिलिमीटरचा स्क्रू आणि केमिकल अँकर, किंवा थेट चौकटीच्या लाकडात. तारेचा जोड पाणी न शिरणाऱ्या आयपी६६ डब्यात, ग्लँड (तार आत घ्यायचं बूच) खालच्या बाजूला, आणि डब्यात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

कोळी हा बारमाही शत्रू. आयआर दिव्याभोवती किडे, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोर जाळं. रात्री ते पांढरंफेक चमकतं, वाऱ्याने हललं की 'हालचाल'. कॅमेऱ्यातला आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा मीटरभर बाजूला लावला की किडे तिकडे जातात. पावसाच्या धारांचंही तसंच. कॅमेऱ्यात 'फक्त माणूस' ही निवड असेल तर ती लावा आणि दृश्यातून हलणाऱ्या केळी वगळा.

तारजोडणी | बुधवार, सकाळी १०.२०

भोंग्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ११० डेसिबल हा आकडा एका मीटरवरचा असतो. शंभर मीटरवर तोच ७० होतो, मधे काजूची बाग असेल तर आणखी कमी. आणि पावसात कौलांखाली झोपलेल्याला ७० ऐकू येत नाही. तेव्हा वाडी जागी होईल या भरवशावर राहू नका. आतला भोंगा उतरलेल्याला पळवायला, आणि पॅनेलचा पहिला फोन मुंबईला नको, शेजारच्या घरी जाऊ द्या. दुसरा तुम्हाला. ११२ तुम्ही लावा, फोटो बघून. शेजाऱ्यांना कॅमेऱ्याचा वाटा ॲपमधून द्या, तुमचा पासवर्ड नव्हे. आणि मागीलदारचा कॅमेरा त्यांच्या विहिरीकडे बघत असेल तर तेवढा भाग काळा करा. ज्यांच्या भरवशावर घर आहे त्यांनाच टिपत बसू नये.

सिग्नलगुल | बुधवार, सकाळी ११.०२

पोलिसांत चित्रण द्यावं लागलं तर : १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, पूर्वीचं ६५-ब. प्रमाणपत्र दोन भागांत, आणि त्यात फाइलची हॅश (तिचा अंकी ठसा) लिहावी लागते. म्हणून मूळ फाइल एनव्हीआरमधून किंवा कार्डातून थेट पेनड्राइव्हवर काढा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते, हॅश बदलते. कॅमेऱ्याचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणारं), वेळेचा पट्टा +५.३० लावलेला. बरेच कॅमेरे चीनच्या +८ वर येतात, चोरी अडीच तास पुढे घडलेली दिसते.

ओटीवरून | बुधवार, रात्री ९.३०

शेवटचा एक. राऊटरच्या अडॅप्टरवर '१२ व्होल्ट, १.५ अँपिअर' लिहिलंय. अडॅप्टर काढून कन्व्हर्टरची तार थेट लावली तर चालेल?

अर्धा_अँपिअर | बुधवार, रात्री ९.४७

चालेल, पण आधी पिन बघा. राऊटरला ५.५ × २.१ मिलिमीटरचीही असते, ५.५ × २.५ चीही. २.१ च्या राऊटरला २.५ चा प्लग बसल्यासारखा दिसतो आणि हलला की संपर्क तुटतो. मधली टाचणी धन आहे का ते अडॅप्टरवरच्या चित्रात तपासा, मग लावण्याआधी मल्टिमीटर धरा. आणि टायमर आता भिंतीत नाही चालणार, कारण राऊटर डीसीवर गेला. १२ व्होल्टचा प्रोग्रॅम करता येणारा टायमर रिले मिळतो, तो राऊटरच्या धन तारेत. रिलेचा 'नॉर्मली क्लोज्ड' संपर्क वापरा. रिले मेला तरी राऊटर चालू राहील.